गा की वं

आमच्या वरच्या खोलीत एक परदेशी पोट्टा भाड्याने राहायचा. शिकायला नागपूरला आलेला. मराठी शिकला ती तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, बाप्या माणसांच्या घोळक्यात, त्यामुळे माझ्या आईलाही तो 'गा'च म्हणायचा. "काय करून राहिली गा, आई?" आई चिडायची. "माणसाले गा म्हणतेत रे बावा. बाईले वं म्हणाव." तो मान हलवायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा गा. मला तर वाटतं, मुद्दामच.

बहिणीच्या लग्नाला म्हणून तो मायदेशी गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मग बातमी आली की तिथल्या सरकारविरुद्ध लिहिणारी पोरं उचलली आहेत. वृत्त अपुष्ट. आमचा पोट्टाही लिहायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. आपल्या सरकारचे प्रवक्ते टीव्हीवर म्हणाले, बातम्या आमच्या पाहण्यात आल्या आहेत, दुजोरा मिळालेला नाही, परिस्थितीवर लक्ष आहे.

"काय म्हणे?" आईने विचारलं.

"पाहून राहिले."

"नुसते पाहून काहून राहिले?"

आता मी काय सांगू? परराष्ट्र खात्यात, दिल्लीला फोन लावला. पलीकडचा साहेब फार सभ्य होता, त्याचाच जास्त राग आला. माणूस दुसऱ्या देशाचा, मामला त्यांच्या घरचा, आणि मुळात बातमीच पक्की नाही, म्हणे. पक्की कोण करणार, असं विचारलं तर म्हणाला, तिथलं सरकार. म्हणजे ज्याने उचललं त्यालाच विचारायचं. घ्या.

एका दुपारी आई मेथी निवडत होती, तेव्हा तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून आवाजी मेसेज आला. दबक्या आवाजात: "आई, मी हाय गा. कोंडून ठेवलं. जेवून राहिलो, फिकर नको करू गा."

आईने तो पुन्हा पुन्हा ऐकला. "तोच हाय," म्हणाली. "दुसरं कोण मले गा म्हणते?"

मी तो मेसेज साहेबाला पाठवला. उत्तर नम्र आलं: केवळ आवाजावरून ओळख पटवता येत नाही, लक्ष ठेवून आहोत. फोन करून 'गा'ची गोष्ट समजावायला गेलो, तर ती मला हिंदीत धड सांगताच येईना. पार हरल्यासारखं झालं.

आईने मात्र त्या नंबरावर कधीच उत्तर धाडलं होतं. मी ते मागाहून ऐकलं. हसत हसत बोलली आहे: "आता वं नको म्हणू बावा. गाच म्हण."

त्यावर अजून एकच टिक आहे.