गुरुवारची तपासणी

नाना गेल्याचा निरोप कॉलेजात आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. लिहायला संकोच वाटतो, पण आधी रडू आलं नाही. आधी आला तो जुनाच संशय... वॉचमन चाँदभाई रोज नानांकडे बघून हात वर का करायचे?

नाना माझे चुलते, वाहतूक पोलिसात हवालदार. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून शिकायला त्यांच्या पिंपरीतल्या खोलीवर राहिलो. त्यांची ड्यूटी हमरस्त्यावरच्या चौकात, नव्या सिग्नलखाली. दिवे ठरलेल्या वेळेने आपोआप बदलायचे. पण खांबाला एक पेटी होती, ती उघडली की हातानेही बदलता यायचे. किल्ली नानांकडे. दुपारी साडेतीनला पाळी सुटली की कारखान्याच्या गेटवरचे वॉचमन चाँदभाई लांबून हात वर करायचे, आणि नाना पेटी उघडून हमरस्ता अडवायचे. कधी थोडा वेळ, कधी इतका की ट्रकवाले शिव्या घालायचे.

"हवालदार कंपनीचा माणूस हाय राव," चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं. "सायबाची गाडी निघायची असंल." मलाही ते पटू लागलं. एकदा नानांना विचारलंच. "तुझ्या पुस्तकात न्हाई व्हय दिलेलं?" म्हणून ते हसले. त्या हसण्याने संशय वाढलाच.

तक्रारी वर गेल्या आणि पुण्याहून एक साहेब तपासणीला आले. मी बसमधून उतरलो, तर ते घड्याळ बघत चौकात उभे. कारखान्याचा रस्ता ओस पडलेला.

"या रस्त्यासाठी हमरस्ता अडवता? आहे कोण इथे?"

"साहेब, आज गुरुवार. इथली सुट्टी गुरुवारी असते. उद्या या," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा पुतण्या माझा. कॉलेजात हाय. विचारा त्याला."

साहेब वळले. मी खरं तेच सांगायचं ठरवलं. "सुट्टी असते... पण रोज एवढा वेळ कशाला लागतो, ते मलाही कळत नाही."

साहेबांनी किल्ली मागून घेतली. नाना माझ्याकडे बघतच राहिले. रात्री त्यांनी नेहमीसारखं माझं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून साडेतीनला ते ट्रकांपुढे दोन्ही हात पसरून उभे राहू लागले. मला वाटलं, कंपनीशी इमान राखताहेत. छातीच्या दुखण्याने गेले, त्याच्या आदल्या दुपारीही ते तिथेच उभे होते.

तेराव्याला चाँदभाई आले. मी अडखळत त्या हात वर करण्याचं विचारलं.

"एक हात म्हणजे पाळी सुटली, बाळ. दोन हात म्हणजे ओव्हरटाइमवालेपण संगं निघाले, जास्त येळ धरा. सगळे सायकलवाले. हवालदारसाहेब म्हणायचे, दिव्याला डोळे न्हाईत चाँदभाई, तुमी डोळे व्हा."

"आणि कंपनीच्या साहेबांची गाडी?"

"साहेब पाचला जातात की!"

परवा, शुक्रवारी, साडेतीनला मी चौकात जाऊन उभा राहिलो. भोंगा झाला. हिरव्या दिव्यात पंधरावीस सायकली निघाल्या, तोच दिवा लाल झाला आणि उरलेल्या सायकली ट्रकांच्या चाकांशेजारी अडकल्या. पेटीच्या कुलुपावर गंज होता. लांब गेटवर चाँदभाईंनी सवयीने दोन्ही हात वर केले... ते बघायला चौकात मी एकटाच होतो, आणि किल्ली माझ्याकडे नव्हती.