चालून दाखव

आमच्या मोठ्या डॉक्टरांइतकं माणसांच्या तोंडाकडे कमी पाहणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ते हाडांचे सर्जन. समोर उभा असलेला माणूस त्यांना ओळखू येत नसे; तोच पाठमोरा चालू लागला की नाव, गाव, मोडलेलं हाड, सगळं आठवे. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी दवाखान्याच्या पडवीत "आपण कोण?" असं विचारलं होतं. तो रागावून निघाला तेव्हा मागून ओरडले, "अरे, तू होय! डावा पाय अजून तसाच फेकतोस की!" लग्नाला गेले तर अक्षता मुठीतच राहत, हे आपले नवरदेवाचे गुडघे बघत. एकदा सावेडीच्या रस्त्यावर एक लंगडणारा माणूस दिसला, म्हणून स्कूटर हळू करून त्याच्या मागोमाग थेट घरापर्यंत गेले. त्याच्या बायकोने चोर समजून मुसळ उचललं. "बाई, उजव्या हातात धरा," हे म्हणाले, "डावा खांदा धरलाय तुमचा."

मी त्यांच्या हाताखाली प्लास्टर घालत असे. सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. डॉक्टरांचं खरं वैर होतं ते "बरं आहे" या दोन शब्दांशी. डॉक्टरने एवढी मेहनत घेतल्यावर त्याच्या तोंडावर "दुखतंय" म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा दर खेपेला ऐटीत चालत आत येई आणि "लई बरं हाय" म्हणून परत जाई. त्याची काठी धरून बायको दाराबाहेर उभी असते, हे डॉक्टरांना एकदा खिडकीतून दिसलं. तेव्हापासून ते कुणाला काही विचारीनासे झाले. "चालून दाखव," एवढंच म्हणत. त्यानेही समाधान होईना, मग आठवडी बाजारात जाऊन कांद्याच्या पोत्यांआड उभे राहू लागले. डॉक्टर समोर नसताना पेशंट कसा चालतो, तोच ऑपरेशनचा निकाल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मागे हसायचो.

हिरा भंडारदऱ्याकडच्या एका वाडीतली, चौदा वर्षांची. कणा नदीच्या वळणासारखा, एक खांदा वर. पाठीत सळई घालून कणा सरळ करायचं ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "पाठ सरळ होईल, पण हाडं एकमेकांना जुळतील. पहिल्यासारखं वाकता येणार नाही. तिच्या वडिलांना तुझ्या बोलीत नीट समजाव." मी त्याच भागातल्या राजूरचा, म्हणून हे काम माझं. मी बापाला सरळ होण्याचं तेवढं सांगितलं. वाकण्याचं ऐकलं तर तो पोरीला घेऊन पुढच्या एस.टी.त बसेल, अशी मला भीती वाटली. "सगळं सांगितलंस?" डॉक्टरांनी विचारलं. "हो, साहेब." जगात कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसाने माझ्या शब्दावर ठेवला.

कित्येक महिने प्लास्टरमध्ये काढून हिरा उभी राहिली ती देवळाच्या खांबासारखी. बापाने वॉर्डभर गूळ वाटला. पण एक्स-रेवर डॉक्टरांचं भागेना. पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, ते मला घेऊन तिच्या वाडीला गेले. खाचरात बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या. बांधावर एकटी हिरा ताठ उभी होती.

बाप चिखलातून वर आला. "सरळ केली तुमी, पन वाकाया येत न्हाई तिला. आवनी न करनारी सून कोन नेनार? आदी का न्हाई सांगितलं?"

डॉक्टरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. मग म्हणाले, "चुकलं माझं. मी सांगायला हवं होतं."

मी वाकून चपलेचा चिखल पुसू लागलो.

"बा, मी बसून लावते की," हिरा म्हणाली. "तू बघतच न्हाईस." ती खाली उतरली आणि पाठ ताठ ठेवून, उकिडवी सरकत रोपं लावू लागली. सावकाश, पण ओळ सरळ. डॉक्टरांनी लगेच बूट काढले. तिच्याशेजारी उकिडवे बसले, दोन रोपं लावली आणि मागच्या मागे चिखलात बसले. बायका हसून हसून बेजार झाल्या. "डाक्टर," हिरा म्हणाली, "तुमच्या बी पाठीत सळई घातली व्हय?"

बाप हसला नाही. राजूरच्या बाजारात त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि त्या बाजूचे पेशंट आमच्याकडे यायचे थांबले. पुढे हिराचं लग्न झालं, सासरी ती बसूनच आवणी करते असंही कानावर आलं. पण न सांगता पोरीची पाठ ताठ करणारा डॉक्टर, हे नाव कायम राहिलं. ते खोटं आहे. सांगितलं नाही ते मी.

परतीच्या एस.टी.त डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "यापुढे आधी विचारू, घरी काय काम असतं." विचारू, म्हणाले. विचार, असं म्हणाले नाहीत.

ते थकल्यावर हे सगळं बोलायचं ठरवून मी एकदा त्यांच्या घरी गेलो. त्यांची स्वतःची पाठ पार वाकली होती. त्यांनी विचारलं, "कसा आहेस?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"चालून दाखव."

मी दारापर्यंत चालत गेलो आणि तसाच बाहेर पडलो. मागून त्यांचा आवाज आला, "खांदे का पाडलेस रे?"