अंगणातला नळ
कूलरमध्ये नवा वाळा भरला, की त्या ओल्या वासासरशी मला ती दुपार आठवते. ऑफिसातली मैत्रीण पहिल्यांदाच आमच्या सक्करदऱ्याच्या घरी आली होती. आठ वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो. तिची जात मी कधी विचारली नव्हती, पण मला माहीत होती. सरबत संपलं, तसे बोलता बोलता मी दोघींचे ग्लास उचलले. माझा सिंकमध्ये ठेवला आणि तिचा मागच्या अंगणातल्या नळावर धुऊन भिंतीवर पालथा घातला. जातीबाहेरच्यांसाठी आईने वेगळा ठेवलेला कप जिथे पालथा असायचा, तिथेच. वळले, तर ती दारात उभी. तापलेल्या फरशीवरून मी फाटकापर्यंत अनवाणी धावले, तिची स्कूटी धरून रडले, “माझ्या मनात काहीच नव्हतं वं!” “मनात असतं तं तुझ्याशी भांडली असती,” ती म्हणाली, “आता कोणाशी भांडू?” दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या टेबलावर जेवू लागली. आता घरी कोणी आलं, की मी हात मांडीखाली दाबून बसते आणि ग्लास मुलीला उचलायला सांगते. परवा वर्गातल्या मैत्रिणीशी हसत बोलत मुलीने दोन ग्लास उचलले, एक सिंकमध्ये ठेवला आणि दुसरा घेऊन ती अंगणाकडे निघाली.