सरळ केलेला खांदा

आमच्या भागातल्या बागेत हिवाळ्यात एका रविवारी चित्रांचा दिवस असतो. कुणीही यावं, कागद मिळतो, रंग मिळतात, हिरवळीवर बसावं आणि समोर दिसेल ते काढावं. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, म्हणून आयोजकांनी माझ्या छातीवर 'मार्गदर्शक' असा बिल्ला लावला होता. कुणी विचारलं तर सांगायचं, एवढंच काम. पण कुणी विचारेपर्यंत गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

शाळेत एकतीस वर्षं मी मुलांच्या चित्रांवर हात फिरवला. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, प्रत्येकाला समजावत कोण बसणार? मुलाच्या हातातून ब्रश घ्यायचा, दोन फटकारे मारायचे आणि पुढच्याकडे वळायचं. सरांनी हात फिरवला म्हणून पोरं खूश होत. निदान मी तसं धरून चाललो होतो.

त्या दिवशी सकाळपासूनच माझी चिडचिड चालली होती. एका गृहस्थांनी गुलमोहराचा फ्लॉवरचा गड्डा करून ठेवला होता. एक बाई समोरची बाग सोडून मोबाइलमधला हिमालय उतरवत होत्या. "अहो, मग घरी सोफ्यावर बसूनही जमलं असतं की," मी त्यांना म्हणालो. आजूबाजूचे हसले. माझ्या तिरकस बोलण्याला लोक हसले की मला अजून चेव येतो, हे मी कबूल करतो.

त्याच तोऱ्यात मी शिरीषाच्या झाडाखाली पोचलो. तिथे डोक्यावरून पदर घेतलेली साठीची एक बाई मांडी घालून चित्र काढत होती.

"काय मावशी, कुठून आलात?" मी विचारलं. वयाने ती माझ्याएवढीच होती. पण डोक्यावर पदर दिसला की आम्ही शहरातली माणसं समोरच्या बाईला खुशाल मावशी करून टाकतो.

"मांजरी गावची मी. हितं लेकीकडं ऱ्हाते सध्या."

"पूर्वी कधी ब्रश धरलाय?"

"न्हाई सर. रांगोळी काढते."

"रांगोळी वेगळी, हे वेगळं," मी म्हणालो आणि वाकून कागद पाहिला.

कागदावर एक बाक होता आणि बाकावर एक माणूस. माणूस डावीकडे कललेला होता. डावा खांदा चांगला वीतभर खाली आला होता आणि तो हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. आज आठवतं, त्या चित्रात एकही रेघ चाचपडत काढलेली नव्हती. तेव्हाही ते माझ्या लक्षात आलं असणार, पण मला दिसली ती फक्त चूक.

"अहो, हा पडेल की बाकावरून!" मी म्हणालो आणि सवयीने तिच्या हातातून ब्रश घेतला.

"न्हाई सर, ते तसंच..."

"बघा, नुसतं बघा तुम्ही."

रंग अजून ओला होता. ओला रंग पाण्याच्या ब्रशने आणि फडक्याने टिपून घेता येतो. मी तो खाली आलेला खांदा टिपून काढला, थोडा घासला, आणि वर उजव्याच्या रेषेत नवा खांदा बसवला. हात कोपरात वाकवला. मान सरळ केली. सगळं मिळून दोन मिनिटं. माणूस कसा ताठ बसला! मी मोठ्या समाधानाने ब्रश तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही. ती माझ्या पाठीमागे कुठेतरी बघत होती, म्हणून मीही वळलो.

पंधरा-वीस पावलांवर बाक होता आणि बाकावर एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ बसले होते. डावीकडे कललेले. डावा खांदा वीतभर खाली. तो हात मांडीवर पडलेला.

इतका वेळ मी त्या बाकाकडे पाठ करून उभा होतो. आधी बघा, मग काढा, हे मी हजारो पोरांच्या कानीकपाळी ओरडलो असेन. आणि मी स्वतः मान वळवून एकदा बघण्याचे कष्ट घेतले नव्हते. बाईला काही येत नाही, हे मी तिच्या पदरावरून आधीच ठरवून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मालक हायेत माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन वरसं झाली अंगावरनं वारं गेल्याला. तवापासनं फोटू काढू देत न्हाईत. नातीच्या लग्नातबी खोलीत बसून ऱ्हायले. आज सोताहून म्हनले, काढ मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

"मी... मी पूर्ववत करून देतो," असं काहीतरी पुटपुटत मी पुन्हा ब्रश पाण्यात बुडवला. पण घासलेला कागद फुलला होता, रंग त्यात जिरून बसला होता. खांदा काही खाली येईना. मी जितका खटाटोप करत होतो तितका तिथे मातकट डाग पसरत होता. शेवटी तिनेच कागद माझ्या हाताखालून काढून घेतला.

कारण बाकावरून ते गृहस्थ उजव्या हाताने खुणावत होते. त्यांना चित्र बघायचं होतं.

ती गेली. मी मागोमाग गेलो. माफी मागावी म्हणून गेलो. तिने कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"सरांनी... केलं?" त्यांची जीभ जड होती.

"व्हय," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. उजवा हात बाकाच्या दांडीवर रोवला आणि त्याच्या जोरावर ते स्वतःला उचलू लागले. मला आधी वाटलं, उठायचंय. पण ते उठत नव्हते. डावा खांदा बोट-बोट वर येत होता. कपाळावर घाम आला, दांडीवरचा हात थरथरू लागला, पण त्यांनी मान चित्रातल्यासारखी सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता... बराबर?"

नको, असं म्हणायला हवं होतं. चूक माझी आहे, तुम्ही होता तसेच बसा, म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हो. छान."

तिने त्यांच्या दांडीवरच्या हातावर हात ठेवला.

"जरा दम धरा," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "सर गेलं की मग बसा हाय तसं."

मी निघालो.