लताबाईंच्या बाथरूमची बस

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवल्यावर गोरक्ष बोडके यांनी शाळेची एक जुनी बस विकत घेतली. माणसं निवृत्तीनंतर शुगर तपासतात, फार तर भजनी मंडळात जाऊन टाळ चुकवतात. यांनी बसच्या सीटा उपटल्या आणि आत दोन पलंग, एक ओटा आणि मागच्या बाजूला कमोडसकट बाथरूम बसवलं. बाहेरचा पिवळा रंग मात्र तसाच राहिला. त्यांची बायको लताबाई बस बघून म्हणाली, "मला परत पाचवीत बसवता का?"

खरं तर बाथरूम तिच्यासाठीच होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला खाली बसता येत नव्हतं, आणि माहेरी नांदगावला, भाऊ संतोषच्या मळ्यात, संडास जुन्या पद्धतीचा. म्हणून ती सकाळी जायची, दिवस मावळायच्या आत परतायची आणि मधल्या वेळात पाण्याचा थेंब तोंडात घालायची नाही. कुणी चहा पुढे केला की एरंडेल दिल्यासारखी बघायची. आता भाची हर्षालीचं लग्न निघालं होतं. आज हळद, उद्या लग्न, आणि लताबाईला दोन्हीला हजर राहायचं होतं.

"राहीन की," ती म्हणाली. "पण अंगावर साबण असताना पाणी गेलं, तर मी मिळेल त्या एसटीनं घरी. आणि ही बस भंगारात."

गोरक्षरावांना पाण्याची काळजी नव्हती. पलंगाखाली टाकी होती आणि टाकीशेजारी बॅटरीवर चालणारा छोटा पंप. नळ उघडला की घुर्र, बंद केला की गप्प. टाकी रिकामी झालीच तर बसच्या कुशीला बाहेरून एक तोटी होती. तिला पाइप जोडला की बाहेरचं पाणी टाकीत न शिरता थेट नळांना. या तोटीसोबत पितळेचा एक रेग्युलेटर आला होता, पाण्याचा जोर कमी करणारा. तो बघून गोरक्षरावांचा अपमानच झाला.

"जन्मभर करंगळीएवढ्या धारेखाली बादली ठेवून बसलो," ते म्हणाले, "आणि आता मीच पाण्याचा जोर कमी करू?" त्यांनी रेग्युलेटर ड्रायव्हरसमोरच्या आरशाला, लिंबूमिरचीशेजारी टांगला. निदान नजर तरी लागणार नाही.

मळ्यात पोचल्यावर बसभोवती जत्रा भरली. बसमध्ये नळ, हे कुणाला पटेना. जो येईल तो नळ सोडून हात धुवायचा. एका मावशींनी तर कमोडचं बटण दाबलं, दचकल्या आणि खात्री करायला परत दाबलं. गोरक्षराव दारात उभे राहून प्रत्येकाला पंप समजावून सांगत होते. टाकीत किती उरलंय, हे बघायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

हळदीच्या आधी लताबाई अंघोळीला गेली. पंप घुर्र करत होता. मग घर्रर्र झालं. मग नुसताच कोरडा खडखडाट.

"अहो!" आतून हाक आली. "साबण लागलाय!"

गोरक्षरावांनी पाइप उचलला आणि धावत सुटले. संतोषच्या विहिरीवरून कांद्याच्या ठिबकला जाणारी लाइन बसजवळूनच जात होती. तिच्या व्हॉल्व्हला त्यांनी पाइप जोडला, दुसरं टोक बसच्या तोटीला लावलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. फुस्स करून हवा आली.

"संतोष, पाणी कुठंय?"

"दाजी, लाइट नाय. लाइटीशिवाय मोटर काय फुंकर मारून चालवू?"

"मग केव्हा येईल?"

"तिच्या मनात येईल तेव्हा. आली की मोटर आपोआप चालू होते, स्टार्टर ऑटोवरच हाय. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

"टेन्शन मी नाही घेत, तुझी बहीण घेतेय."

"साबण वाळतोय!" आतून आवाज. "एसटी किती वाजता आहे बघा!"

कुणीतरी पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन निघालं. तेवढ्यात मांडवातला लाउडस्पीकर गुरगुरला आणि पोरं ओरडली, "आली!" लांब विहिरीवर मोटर हुंकारली. पाइप जमिनीवर नागासारखा उसळला. शेतभर पाणी ढकलणारी ती मोटर आता एका बाथरूमच्या मागे लागली होती.

आत धाडकन काहीतरी उडालं. ओट्याचा नळ छताला जाऊन आपटला, गाद्या भिजल्या आणि बसच्या दारातून पाणी चपला घेऊन खाली उतरलं. गोरक्षरावांनी घाबरून व्हॉल्व्ह उलटा फिरवून पाहिला, मग शिव्या घालत सुलटा. शेवटी व्हॉल्व्ह बंद झाला.

 गोरक्षराव बाथरूमच्या दाराशी गेले. "अगं? बरी आहेस ना?"

बऱ्याच वेळानं लताबाई कोरडी साडी नेसून, ओल्या केसांनी बाहेर आली. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता.

"ताई, साबण निघाला का?" संतोषनं भीतभीत विचारलं.

"साबण? पाठीवरचा तीळ राहिलाय का बघायला सांगते कुणाला तरी." ती हसायला लागली. "पण काय पाणी होतं रे! लग्न होऊन नाशिकला गेले तेव्हापासून असं पाणी अंगावर आलं नव्हतं." मग नवऱ्याकडे वळली. "तो आरशाला टांगलेला पितळी नवस उतरवा आणि जिथला तिथे लावा. मी कमोडवर बसलेली असताना असं पाणी आलं, तर मनमाडला पोचेन."

गोरक्षरावांनी रेग्युलेटर बसवला आणि उडालेला नळ आवळला. पाणी आता शहाण्यासारखं येत होतं. ओल्या गाद्या कांद्याच्या चाळीवर वाळत पडल्या आणि हळदीला आलेला प्रत्येक जण त्या कशा भिजल्या याची चौकशी करून गेला.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं मठ्ठ्याचा जग पुढे आणला. लताबाईनं पेला पुढे केला, घटाघट संपवला आणि पुन्हा पुढे केला. वाढपी पुढे जायला लागला तशी तिनं त्याला जगासकट थांबवलं.

समोरच्या पंगतीतून गोरक्षराव ते बघत होते. जिलेबी अर्धी टाकून ते उठले आणि मोटर चालू आहे ना ते बघायला विहिरीकडे पळाले.