लुगड्याची दुपटी

यावलहून जळगावला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. खिडकीशी तिची गरोदर लेक डोळे मिटून होती. बाळाची कवटी तयारच झालेली नाही, ते जगणार नाही, हे सोनोग्राफीत उशिरा कळलं. तोवर कायद्यातले चोवीस आठवडे उलटले होते, त्यामुळे गर्भ पाडायची परवानगी द्यायची की नाही ते आता डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार होतं. हे तिनं पिकाबद्दल बोलावं तसं सांगितलं. बोलता बोलता ती जुनं मऊ लुगडं फाडून दुपटी करत होती. प्रत्येक टरकन् आवाजाला लेकीच्या पापण्या हलत.

मी विचारलं, "परवानगी मिळाली तर ही दुपटी कशाला?"

"बोर्ड हो म्हनो का नही म्हनो, ताई," ती म्हणाली, "गुंडाळाले तं लागतीनच."