कोरेगावच्या रस्त्यावरचं एकमेव वाहन

संगणकाला अख्खी खोली लागायची, त्या सत्तरच्या दशकात मी मुंबईत संशोधन करत होतो. चित्रफितीतली वाहनं संगणकाने स्वतः ओळखायची, हा विषय. युक्ती साधी होती. लागोपाठची चित्रं ताडून पाहायची. जे हललं ते वाहन, जे हललं नाही ते घरदार नि झाडंझुडपं. पण हाती काही लागेना. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी चित्रणासाठी एक कोरं रीळ दिलं आणि सांगितलं, "यातही काही दिसलं नाही, तर विषय बंद."

रीळ घेऊन मी माझं गाव गाठलं, कोरेगाव. बाजाराच्या दिवशी तिथे ट्रक, एसटी, बैलगाड्या सगळंच वाहतं. बेत फक्त वडिलांना सांगितला, ही घोडचूक. वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. "माजा पोरगा बाजाराचा फोटू काढनार," हे त्यांनी गावभर केलं.

सकाळी एका दुकानाच्या माडीवर कॅमेरा लावला, तर खाली सारा बाजार इस्त्री करून आलेला. आमच्याकडे फोटो म्हणजे श्वास रोखून उभं राहायचं. बैलगाडीवाल्याने कासरा ओढला, ट्रकवाल्याने ब्रेक दाबून खिडकीतून तोंड बाहेर काढलं, पेन्शनर फौजी तर सावधान! रीळ फिरू लागलं, पण खाली काहीच हलेना.

"आबा, ही माणसं हलली पायजेत!" मी वरून ओरडलो. "माजं समदं काम बुडतंय!"

वडिलांनी धोतर खोचलं आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटले. "आरं, हला की गड्यांनो! फोटू न्हाई, शिनेमा हाय! आगे बढो!"

"सुभेदार, तुमीच हलताय," एक म्हातारा ओठ न हलवता म्हणाला. "फोटू खराब हुईल."

रीळ संपलं.

मुंबईत संगणकाने कागद छापला. जिथे काही हललं तिथे फुली, असा नियम. कागद सगळा कोरा, मधून फुल्यांचा एक जाडजूड आडवा पट्टा.

"बाजाराच्या दिवशी वाहन एकच?" सर म्हणाले. "ट्रक दिसतो."

"नाही सर. वडील आहेत."

चित्रफीत पाहून सर डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "यंत्र चुकलं नाही. जे हललं, तेवढंच त्याने दाखवलं. काम चालू ठेव."

तो कागद मी घरी नेला. वडिलांनी त्याला चौकट करून घेतली. वर्दीतला स्वतःचा फोटो उतरवून त्याच खिळ्यावर तो टांगला. आल्यागेल्याला बोटाने फुल्या दाखवत सांगायचे, "ह्यो मी. पोराचं काम बुडत हुतं, तवा पळतोय."